हळदीत उकडलेली गिटार

परमेश्वरबद्दल चांगलं बोलायचं म्हणलं की माझी जीभ जड होते. तो माझा आतेभाऊ. आठ वर्षांचा असताना त्याचा बाप वारला, तवा आत्या त्याला घेऊन आमच्याकडं शिरड शहापूरला आली. माझ्या बापानं, दगडोबा सुतारानं, आमा दोघांच्या हातात एकाच दिवशी करवत दिली. मी वर्षभरात पेरणीची तिफन जोडायला लागलो. परमेश्वर पटाशीला धार लावत बसला, तो बसूनच राहिला. लोक म्हणायचे, भागवतचा हात चालतो, या पोराचं काही खरं न्हाई.

आता बघा. तिफनी लोखंडी झाल्या आन् मी चौकटी ठोकून राहिलो. हा मात्र पुण्याला सात वर्षं गिटारीच्या कारखान्यात राहिला, आत्या थकली म्हणून परतला, आन् औंढ्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमधी गिटारी करायला लागला. पुण्याची पोरं गाडी करून येतात, त्याला 'सर' म्हणतात. सर! ज्याचा शेंबूड माझ्या आईनं पुसला, तो सर! आन् आमचा बाप रोज सकाळी काठी टेकत त्याच्याच शेडवर जाऊन बसतो. माझं दुकान वाटंत लागतं, तिथं टेकत न्हाई. जळायचो मी. खोटं काहून बोलू?

तरी हे सगळं गिळलं असतं. पण माझी प्रतिक्षा वसमतला अकरावीला, मैत्रिणीच्या गिटारीवर फोनमधी बघून बघून शिकली. एक दिवस जेवताना म्हणली, "पप्पा, गॅदरिंगला मला वाजवायचंय. परमेश्वरकाकांला एक गिटार करायला सांगू का?"

हातातला घास ताटात ठेवला. घरात सुतार बसलाय आन् पोरगी दुसऱ्याच्या दारात चालली.

"काहून? तुझा बाप मेला का? मी करतो."

"तुमाला न्हाई जमायचं ते," असं सहज म्हणली, मीठ मागावं तसं.

त्याच ताटावर ठरवलं, पोरगी स्टेजवर बसंल तर माझ्या हातच्या गिटारीवर.

दुसऱ्या दिवशी बापाचा चष्मा द्यायचं निमित्त करून शेडवर गेलो. गिटारीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या लई पातळ असतात, पत्र्यागत. त्या कमरेत आत घ्यायच्या आन् पोटाला बाहेर काढायच्या, सगळी गोम तिथंच. परमेश्वरनं लोखंडी नळीच्या आत गॅस पेटवलेला. बोट ओलं करून नळीला लावलं, चर्र झालं. मग भिजवलेली फळी तिच्यावर टेकवून डोळे मिटून उभा राहिला.

"कसं वाकतं रे?" मी उगंच विचारलं.

"दादा, जोर लावायचा न्हाई. गरम नळीवर धरायची आन् थांबायचं. लाकूड आपसूक सैल पडतं, हाताला कळतं. तवा वळवायची. धरून बघता?"

"मला कामं हायेत," म्हणून निघालो. वाटंत डोकं तापलं. असा आपला धंदा कोणी फुकट सांगतो व्हय? खरी गोष्ट लपवली गड्यानं, आन् मला म्हणं थांबायचं!

बांधावरचा आंबा वाऱ्यानं पडला होता. त्याच्याच सहा पातळ फळ्या काढल्या, नळी तापवली, दाबलं. कट्ट! दुसरी, कट्ट! अशा चार कमरेतच मोडल्या. नळीला लाथ घातली तर पाय भाजला. आमची सिंधू म्हणली, "आवं, परमेश्वरभाऊजींना विचारा की." तिच्याशी दोन दिवस बोललो न्हाई.

राहिल्या दोन फळ्या. तेवढ्यात शेजारच्या संतरामच्या शेतात हळद शिजवायला कढई चढली. दगडासारखा हळकुंडाचा गड्डा, कढईतून निघाला की त्यात काडी आरपार जाते. म्हणलं, हळद मऊ पडते तर आंबा काहून न्हाई? संतराम जेवायला गेला आन् मी दोन्ही फळ्या कढईत सोडल्या. तासाभरानं काढल्या तर भिजल्या चामड्यागत लवचिक! गिटारीच्या आकाराच्या लाकडी साच्याला गुंडाळून सुतळीनं आवळल्या. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सुतळी सोडली. फळ्या हळद लागलेल्या नवरदेवागत पिवळ्याधमक. वरून पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या, आन् बाक निम्मा सुटलेला. गोठ्यामागं पोत्याखाली टाकल्या. पोरीला सांगितलं, लाकूड खराब निघालं.

गॅदरिंगला गेलो ते मान खाली घालूनच. प्रतिक्षा स्टेजवर आली, मांडीवर गिटार. अंगानं पिवळी! मी जागच्या जागी ओळखली. माइकवर म्हणली, "ही गिटार माझ्या पप्पांनी केली. आमच्या बांधावरच्या आंब्याची."

टाळ्या! लोक वळून बघायला लागले, सिंधूनं कोपरखळी मारली. आन् मी काय केलं? उठून हात जोडले. व्हय, जोडले. तीन रांगा मागं परमेश्वर बसला होता, टाळ्या वाजवून राहिला होता, सगळ्यात जोरात.

वसमतच्या स्टँडवर पोरीला गाठलं. "खोटं काहून बोललीस?"

"काकांनीच सांगितलं. पोत्याखालच्या फळ्या मी नेल्या त्यांच्याकडं. त्यांनी पुन्हा भिजवून नळीवर वाकवल्या, पुढचं सगळं केलं. म्हणले, आंबा दादाचा, फळ्या दादानं काढल्या, नाव दादाचंच घे."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. गिटार त्याची, आन् टाळ्याबी त्यानंच माझ्या ताटात वाढल्या!

सकाळी भांडायलाच शेडवर गेलो. बाप तिथंच बसलेला. "काय समजतोस रे स्वतःला?" मी दारातूनच ओरडलो. परमेश्वरनं एक भिजलेली फळी माझ्या हातात दिली.

"धरा, दादा. दाबू नका."

नळीवर धरली. बोटं पोळायला लागली, सोडावं वाटलं, पण बाप बघून राहिला होता. थांबलो. लई वेळ थांबलो. आन् मग तळव्याखाली फळी एकदम सैल पडली. मी नुसता हात झुकवला, तशी ती कमरेत वळली. आवाज न्हाई, काही न्हाई.

पहिल्याच दिवशी त्यानं सगळं सांगितलं होतं. लपवलं काहीच नव्हतं.

बापानं चष्मा नीट केला, फळी हातात घेऊन बोट फिरवलं आन् माझ्याकडं बघितलं.

"परमेश्वर," मी म्हणलं, "दुसरी फळी भिजव. पोरगी माइकवर बोलून बसलीय, ते खरं करावं लागंल."