कॅप्टनच्या बापाचं दार

रिटायर झाल्यावर त्र्यंबक देवपुजारींना घरात करमेना, म्हणून ते अमेरिकेतल्या श्रूजबरी गावाजवळच्या एका लहानशा संग्रहालयात शनिवारी फुकट गाईड झाले. येणाऱ्या शाळकरी मुलांना ते एकच गोष्ट सांगत. ती म्हणजे कॅप्टन एझ्रा व्हिटकोम यांचं बालपण आणि शिक्षण. यादवी युद्धात नाव काढलेला हा माणूस इथल्याच एका कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. बापाच्या कातडी भिजवायच्या कुंडांपाशी त्या घाणीत बसून भूमिती शिकला, लष्करी अकादमीत गेला. तिथला जाच सोसेना म्हणून ऐन थंडीत घरी पळून आला, तर बापाने दार उघडलं नाही. ‘पदवी घेऊन ये,’ एवढंच आतून म्हणाला. मुलगा आल्या पावली परत फिरला आणि पुढे कॅप्टन झाला.

त्र्यंबकराव मूळचे नागपूरचे. त्यांच्या लहानपणी थोरांची बालपणं मुलांना औषधासारखी पाजली जायची. अमेरिकेत मुलगा झाला तेव्हा त्यांना वाटलं, पोरगा इथला, तर त्याला थोर माणूसही इथलाच पाहिजे. व्हिटकोम सापडला आणि मग काय विचारता. स्विमिंगला नेताना कॅप्टन, गणित चुकलं की कॅप्टन, ताटात भाजी टाकली तरी कॅप्टन. पोराचं नाव नकुल, पण खुद्द त्याच्याविषयी त्याच्याशी कुणी बोलल्याचं ऐकिवात नाही. बिचारा ऐकून घ्यायचा. बाप खूश होतो, एवढं त्याला कळत होतं.

नकुलला लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला तेव्हा मराठी मंडळाने त्र्यंबकरावांना शाल-श्रीफळ दिलं. हो, बापाला. आणि दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारीत, नकुल न कळवता टॅक्सीने घरी आला. बारीक झालेला, डोळे खोल गेलेले. त्याच्या आईने, संध्याताईंनी, लगबगीने कुकर लावला. त्र्यंबकराव मात्र दाराच्या काचेआड उभे राहिले. त्या क्षणी त्यांना पोरगा दिसलाच नाही, गोष्ट दिसली. आता कसोटी आपली आहे, असं त्यांना वाटलं.

“पदवी घेऊन ये,” ते म्हणाले.

नकुल काही वेळ बर्फात उभा राहिला. मग टॅक्सीत बसला. संध्याताई अनवाणी ड्राइव्हवेपर्यंत धावल्या, तोवर गाडी वळली होती. त्र्यंबकराव मनात म्हणाले, आता होईल कॅप्टन.

तो अकादमीत परत गेला नाही. दूर प्लेनो शहरात गेला, कुठलीशी नोकरी धरली, लग्न केलं. संध्याताई दर वर्षी एकट्याच तिकडे जाऊन येतात. नातीला, रुहीला, त्र्यंबकरावांनी फक्त फोटोत पाहिलं आहे. घरात याविषयी कुणी ब्र काढत नाही. इतकी वर्षं हा माणूस जगला तो एकाच आधारावर, की कॅप्टनच्या बापाने हेच केलं होतं.

परवाच्या शनिवारी ऐकणाऱ्यांत व्हिटकोम घराण्यातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. गोष्ट संपल्यावर हसून म्हणाल्या, “ते दाराचं कॅप्टनच्या अंत्यविधीला आलेल्या पाद्र्याने जोडलं, भाषण रंगावं म्हणून. आमच्या घरी सगळे त्यावर हसतात. बाप स्वतः घोड्याची गाडी घेऊन त्याला आणायला गेला होता. हिवाळाभर चुलीपाशी बसवून खाऊ-पिऊ घातलं. बरं वाटल्यावर पोरगा आपणहून परत गेला.”

त्र्यंबकरावांनाही हसावं लागलं. बाहेर गाडीत येऊन बसले आणि त्यांनी फोन काढला. नकुलचा नंबर संध्याताईंनी कधीच त्यात घालून ठेवला होता. तो त्यांनी पहिल्यांदा लावला.

“आई बरी आहे ना?” नकुलने घाबरून विचारलं.

“बरी आहे,” म्हणत त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. पाद्री, घोड्याची गाडी, चूल. पलीकडे एक लहान मुलगी कसलातरी हट्ट करत होती.

“म्हणजे स्टोरी फॉल्स निघाली म्हणून तू फोन केलास, बाबा?”

“हो रे. बापाने दार उघडलं होतं.”

“अँड इफ इट वॉज ट्रू?”

नकुल थांबला. घाई न करता, खरंच वाट बघत थांबला. त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं, आणि त्यांना कळलं की कॅप्टन सोडला तर या पोराशी बोलायला आपल्याकडे कधी काही नव्हतंच.

“ओके, बाबा,” नकुल हळूच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.