तीन टनी अबोला

ये, अशी जवळ बस. आणि तो फोन आधी पालथा ठेव बघू! मावशी बोलतेय आणि तुझा अंगठा आपला वरखाली, वरखाली. चार महिने झाले दिल्लीला, या द्वारकेत राहायला येऊन, दोन सेक्टर सोडून मावशीचं घर, आणि आज उगवलीस! असो. तुझ्यावर रागावत नाही. माझा सगळा राग मी एकाच माणसासाठी राखून ठेवलाय.

माझ्या नवऱ्यानं माझ्या करंज्यांच्या कढईत बेअरिंग तळलं.

हसू नकोस! कढई साधी नाही. बिडाची, माझ्या आईनं नागपूरहून पाठवलेली. स्टेशनावर हमालानं उचलली तेव्हा विचारत होता, "बहनजी, इसमें आदमी है क्या?" अशा कढईत या गृहस्थांनी इंजिनाचं तेल ओतलं, खाली गॅस लावला आणि वरून बेअरिंग सोडलं. मी स्वयंपाकघरात शिरले, तर हे झारा घेऊन उभे!

"हे काय चाललंय?"

"बेअरिंग गरम करतोय. गरम झालं की फुगतं. फुगलं की दांड्यावर चढतं."

"आणि कढई?"

"कढईला काय होतंय? तेल ते तेल."

तेल ते तेल! पुढची दिवाळी मी कशात तळू? यांच्या टोपीत?

तुला ट्रकचं ठाऊक नाही ना? मग ऐक. या माणसानं सरकारी कचेरीत जन्मभर फायली पुढे सरकवल्या. स्कूटरचा प्लग बदलायचा तरी मेकॅनिक घरी यायचा. निवृत्त झाल्यावर लोक तुळशी लावतात, नातवंडं सांभाळतात, गुडघे चोळतात. यांनी लिलावातून लष्करानं मोडीत काढलेला तीन टनी ट्रक आणला. हिरवा, गंजका, आमच्या दोन खोल्यांएवढा. आमच्या सोसायटीच्या गेटातून तो आत येईना. शिवाय इतकी जुनी डिझेल गाडी दिल्लीच्या रस्त्यावर फिरवायला बंदी. मला वाटलं, सुटले! कुठली सुटतेय? नजफगढच्या बाजूला यांचे मित्र चौधरीजी, त्यांचं भलंमोठं आवार. तिथं ट्रक टेकवला आणि तिथंच, भिंतींच्या आत, हे तो गोल गोल फिरवतात. घाण्याचा बैल गोल फिरून निदान तेल काढतो. यांचं नुसतं गळतं!

तर कढईवरून मी अबोला धरला. "यापुढे तुमच्याशी एक शब्द बोलले तर बघा!" असं ठणकावलं आणि तोंड बंद. पहिले दोन दिवस यांच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या प्रज्ञाला म्हणतात, "हल्ली घरात किती शांत वाटतं, नाही?"

(ही शांतता होय? ही शिक्षा होती, शिक्षा!)

मग सगळं प्रज्ञामार्फत. "प्रज्ञा, तुझ्या वडिलांना सांग, ग्रीसचे हात पडद्याला पुसू नका." ती पलीकडच्या खोलीत जाऊन, "पप्पा, पडदा." ते तिकडून, "तुझ्या आईला सांग, तो पडदा नाही, माझा पंचा आहे." सहाव्या दिवशी पोरगी भडकली. "यार आई, मी तुमची कुरिअर सर्व्हिस नाहीये. डायरेक्ट बोला, नाहीतर राहू द्या." बोलायचं कुणी? राहूच दिलं.

आणि नेमकं याच दिवसांत प्रज्ञाचं लग्न जमायला आलेलं! मुलगा निखिल, पुण्याचा, गुडगावला तिच्याच ऑफिसात. त्याचे आईवडील, प्रभाकरराव आणि वसुधाताई, आता त्याच्याजवळच राहतात. ते पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. रविवारी, संध्याकाळी, चहाला. प्रज्ञानं माझे हात धरले. "आई, मला निखिलशीच लग्न करायचंय. प्लीज, एक संध्याकाळ. आपण त्यांना नॉर्मल वाटलो पाहिजे." यांच्याकडूनही ट्रकचा विषय काढणार नाही, असं कबूल करून घेतलं. पण शनिवारी प्रभाकररावांनी फोनवर सहज विचारलं, "निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता?" झालं! हे पाऊण तास बोलत होते. काय, ते मला कसं कळणार? मी तर कानांवर उशी दाबून पडले होते.

रविवारी सकाळी फ्रिजवर यांची चिठ्ठी. मी वाचली नाही. वाचली असती तर ते बोलल्यासारखंच झालं असतं!

शिवाय मला वेळ कुठे होता? कुरडयांचे गहू तीन दिवस भिजलेले, चीक काढून तयार. त्याला थांब म्हटलं तर तो आंबतो. सोसायटीच्या गच्चीला कुलूप, बाल्कनीवर समोरच्या टॉवरची सावली, आणि बाहेर एप्रिलचं असलं खणखणीत ऊन फुकट चाललेलं. मी ई-रिक्षा केली आणि चौधरीजींकडे गेले. अंगणात धूळ, म्हशी, कुत्री. उन्हातली, उंच, जनावर पोचणार नाही अशी जागा तिथं एकच.

हो, त्याच ट्रकचा हौदा! माझा राग ट्रकवर होता, त्याच्या उन्हावर नव्हता.

चौधरीजींच्या बायकोच्या, म्हणजे चौधराइनींच्या, चुलीवर चीक शिजवला. स्टुलावरून हौद्यात चढले, धुतलेली चादर अंथरली आणि सोऱ्या घेऊन कुरडया पाडायला बसले. अंगात विटका गाऊन, डोक्यावर ओला टॉवेल, कोपरापर्यंत चीक. चौधराइनींची म्हैस हंबरली, तशा त्या माझं स्टूल घेऊन धार काढायला गेल्या.

अकराच्या सुमाराला फाटक वाजलं.

"अरे वा! काय अवाढव्य प्रकार आहे हा!" अनोळखी आवाज. मागोमाग यांचा, मध लावलेला, "या, प्रभाकरराव. वसुधाताई, जपून, तिथं ग्रीस आहे."

वसुधाताई! संध्याकाळच्या वसुधाताई सकाळी इथं! फ्रिजवरच्या चिठ्ठीत हेच लिहिलेलं असणार! मग प्रज्ञाचा आवाज, "काकू, आई घरी संध्याकाळची तयारी करतेय."

आई कुरडया पाडतेय गं! उठून नमस्कार करावा, तर हा अवतार. मी सरळ आडवी झाले. हौद्याच्या फळ्या उंच होत्या, म्हणून दिसले नाही. सोऱ्या पोटाशी धरून, श्वास रोखून पडून राहिले.

"बसा केबिनमध्ये, चालवून दाखवतो," हे म्हणाले.

आता नीट ऐक, कारण इथं चूक माझी आहे. एक हाक मारली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं. पण हाक कुणाला? यांना! म्हणजे अकरा दिवसांचा अबोला मोडायचा कुणी? मी? अजिबात नाही! इंजिन सुरू झालं. आधी धूर, मग थरथर, मग कानात नुसता भूकंप. मी दात आवळून पडले होते.

ट्रक फिरायला लागला. वळण सारखं उजवीकडे, म्हणून सगळ्या गोष्टी डावीकडे. पहिल्या फेरीत कुरडया डाव्या कोपऱ्यात गोळा झाल्या. दुसऱ्या फेरीत त्यांच्यावर मी.

तरी बोलले नाही बरं का! पण केबिनच्या मागच्या खिडकीला काच बसवायची राहिली होती. तिसऱ्या फेरीला प्रभाकरराव ओरडून विचारताना ऐकू आले, "वहिनींची काही हरकत नाही ना?"

"छे, छे!" हे ओरडले. "उलट तिचाच आग्रह! बेअरिंग तापवायला स्वतःची कढई आणून दिली. म्हणाली, तेल ते तेल!"

मी उठले. कशी उठले ते विचारू नकोस, गुडघ्यांनासुद्धा कळलं नाही. खिडकीत तोंड घातलं आणि असा आवाज लावला, की इंजिन बंद पडलं की काय असं वाटावं.

"खोटं! साफ खोटं! माझ्या आईची कढई नासवली आणि वर माझंच नाव सांगता?"

यांनी ब्रेक मारला. (ब्रेक बाकी उत्तम बसवलेत, एवढं कबूल करते.) मी कमरेपर्यंत केबिनमध्ये. डोक्यावरचा टॉवेल गिअरवर. एक कुरडई प्रभाकररावांच्या चष्म्याला चिकटली आणि हळूहळू खाली सरकायला लागली.

"नमस्कार," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आणि माझा नवरा काय म्हणाला असेल? मुलीचं लग्न डोळ्यांदेखत मोडायला आलेलं, आणि याचा चेहरा फुललेला. "बोललीस! तू आधी बोललीस!"

चौधरीजींनी स्टूल आणून मला खाली उतरवलं. "बहनजी, आप फौज में कब भरती हुईं?" कोणी हसलं नाही. प्रज्ञा पांढरीफटक. मला माझी लाज नाही गं वाटली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघितलं आणि वाटलं, त्या एका न मारलेल्या हाकेपायी लेकीचं घर घालवलं. समोर वसुधाताई. कडक इस्त्रीची साडी, काखेत पर्स. माझ्याकडे नखशिखांत बघितलं.

"किती दिवस बोलत नव्हता?"

"अकरा."

त्या गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? यांनी निदान ओरडून सांगितलं! तुम्ही माझ्या मिक्सरमध्ये गांडुळांचं खत दळलंत, तेव्हा मी गप्प बसले. पाच वर्षं गप्प बसलेय!"

"अगं, धुतला होता की," प्रभाकरराव चष्मा पुसत पुटपुटले.

"धुतला होता!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. पुढची वीस मिनिटं काय बोललो ते सांगत नाही. चौधरीजी म्हशीच्या आड गेले, एवढं सांगते. बोलून बोलून घसा बसला तेव्हा वसुधाताईंनी प्रज्ञाला जवळ ओढलं. "मुलगी आईसारखी असेल तर आम्हाला हवी आहे. आमच्या घरात पुरुषांना ऐकू जाईल असं बोलणारं एक तरी माणूस पाहिजे."

लग्न ठरलं! पण माझा राग गेला असेल असं समजू नकोस. आता दर रविवारी व्याही सकाळीच हजर. दोघं मिळून ट्रकखाली आडवे. रंग झाला, दिवे लागले, काचासुद्धा बसल्या. फक्त हॉर्न बसवलेला नाही. परवा मी विचारलं, तर दोघंही एकमेकांकडे बघून हसले आणि प्रभाकरराव म्हणतात, "वहिनी, तुम्ही असताना हॉर्नची काय गरज?"

अशी माणसं! तेव्हा पुढच्या रविवारी तू घरी नको, थेट चौधरीजींच्या आवारात ये. तुझ्या हातचं काहीतरी गोड आण आणि दिवसभर राहा. पत्ता विचारत बसू नकोस. ई-रिक्षातून उतरलीस की नुसती उभी राहा आणि कान दे. मी यांच्याशी बोलत असेन, त्या आवाजाच्या दिशेनं सरळ चालत ये.