कानशीने घासलेली पट्टी

गेले काही आठवडे मी घरात एका जागी बसत नव्हतो. चहा अर्धा ठेवून बाल्कनीत जायचो, तिथून परत आत. बायको म्हणायची, "अहो, बसा की. पायाला भिंगरी लागलीय का?" काय झालंय ते तिलाही सांगवत नव्हतं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका डिझाइन ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. ऑफिस बंद झालं तेव्हा तिथले पाच जुने वर्कस्टेशन कॉम्प्युटर, सगळे एकाच बनावटीचे, काळे आणि जड, मी आमच्या सेक्टरमधल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला मिळवून दिले. अभ्यासिका चालवायच्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात, मला काका. वस्तीतल्या मुलींना टायपिंगच्या परीक्षेचा सराव घराजवळ करता यावा, हा त्यांचा ध्यास.

विकतची नवी सिस्टिम त्या मशीनना पेलणारी नव्हती, म्हणून मी फुकट मिळणारं लिनक्स सुचवलं. ते आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, मशीनला मानवतं की नाही ते कळतं. मी एक मशीन तपासलं. स्क्रीन, नेट, आवाज, सगळं झकास. पण तरुणपणी मी उमेदवारी केली होती वर्कशॉपात. तिथे लॉटमधला एक नग पास झाला की लॉट पास.

"पाचही सारखीच आहेत, बाई. बाकीच्यांवर तुम्हीच टाका, मी दाखवलं तसं."

बाईंनी अगदी तसंच केलं. इन्स्टॉल झालं, अपडेट झालं, आणि पुन्हा सुरू केल्यावर चारही स्क्रीन काळ्या.

विहार समितीचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, पुस्तकं सांभाळायची सोडून हे कशाला? हात लागला आणि वाट लागली!" मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नीट शटडाऊन केलं नसेल."

खोलीला कुलूप लागलं. मुली पुन्हा स्टेशनजवळच्या क्लासला जाऊ लागल्या. बाई यायच्याच बंद झाल्या.

खरं कारण मला त्याच क्षणी आठवलं होतं. थ्रीडी काम करणाऱ्या डिझायनरांसाठी चार मशीनमध्ये मोठी ग्राफिक कार्डं मीच बसवली होती. कार्डाची पट्टी कॅबिनेटला बसेना, म्हणून कानशीने घासली होती. बाहेरून पाचही सारखी दिसत, आतून नव्हती; मी तपासलेलं नेमकं पाचवं, कार्ड नसलेलं. हे माहीत असलेला माणूस तिथे एकच होता, आणि तो शटडाऊनचं बोलत होता.

गेल्या आठवड्यात मी सेक्रेटरींकडून किल्ली मागून घेतली. पहिलं कॅबिनेट उघडलं. पट्टीवर कानशीचे ओरखडे तसेच होते. अपडेट झालेलं लिनक्स त्या जुन्या कार्डांना ओळखत नव्हतं. कार्ड काढलं, वायर मशीनच्या मूळच्या साध्या पोर्टला लावली. स्क्रीन उजळली. बाकीच्या तिन्हींचंही तेच. तसाच बाईंच्या घरी गेलो.

त्या मेथी निवडत होत्या.

"मशीन चालू झाली, बाई. उद्यापासून या."

"कशाने बंद होती?"

सगळं सांगितलं. शटडाऊनचं खोटंसुद्धा. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही.

"हे सेक्रेटरींना सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला..."

"म्हणजे लोक म्हणणार, बाईंनी बिघडवलं, काकांनी सुधारलं. बोलणी मला आणि टाळ्या तुम्हाला. वा!" मी पुढे केलेली किल्ली त्यांनी घेतली नाही. "रविवारी विहारात वंदनेनंतर सगळे असतात. तिथे बोला. मग बघू."

रविवार आला. वंदना झाली, मी ते कार्ड हातात घेऊन उभा राहिलो.

"काका, जरा थोडक्यात हां," सेक्रेटरी म्हणाले.

थोडक्यातच सांगितलं. कार्डं मी बसवली, ती चारही मशीन न तपासता सोडली मी, आणि त्या दिवशी खोटं बोललो तो मी.

"म्हणजे बाईंची काहीच चूक नव्हती?" पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं.

"काहीच नव्हती."

सेक्रेटरी चष्मा पुसत राहिले. बाई सगळ्यात मागे, चपलांपाशी बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"चला. मराठी टायपिंग चालतंय का बघू. आणि एकावर नाही हं, काका. पाचही बघायची."