सोफ्याकडे तोंड केलेला कॅमेरा

इंदापूरच्या आमच्या संगीत महोत्सवावर माहितीपट निघाला आणि बारामतीच्या थिएटरात त्याचा खेळ ठेवला, तेव्हा मी दुपारीच रात्रीचा स्वयंपाक उरकून टाकला. या संध्याकाळची मी वाट पाहत होते.

महोत्सवाचे अध्यक्ष माझे चुलत दीर. पाहुण्यांसाठी पुढे सोफे मांडायचे, बायकांना मागे सतरंजीवर बसवायचं आणि कुणी मोठा माणूस उशिरा आला की गाणं थांबवून शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार करायचा, ही त्यांची पद्धत. काही वर्षांपूर्वी मला तिथे गायला मिळालं. लग्नानंतर पहिल्यांदाच. आलाप संपवून बंदिश सुरू केली, तोच साखर कारखान्याचे एक संचालक आले. दिरांनी हात वर केला आणि माझ्यापुढचा माइक उचलला. सत्कार झाला, संचालकांचं लांबलचक भाषण झालं. मग दीर म्हणाले, "वहिनी, आता वेळ न्हाय. तुमचं झाल्यासारखंच हाय."

मी खाली उतरले. ते वाक्य मात्र जपून ठेवलं.

गेल्या वर्षी पुण्याहून शूटिंगवाल्या मुली आल्या. त्यांचं जेवण माझ्याकडे होतं. भाकरी वाढताना एकीने विचारलं, "काकू, दुसरा कॅमेरा कुठे लावू?"

"स्टेजच्या कडेला. तोंड सोफ्यांकडे. आणि बंद करू नकोस."

एवढंच सांगितलं. बाकीचं काम सोफेवाले करणार, याची मला खात्री होती.

समितीने माहितीपट आधी पाहिला नव्हता. आपलंच कौतुक असणार, असं धरून सगळे कडक इस्त्रीत आले होते. पडद्यावर गाणारे जीव तोडून गात होते आणि सोफ्यावर आमची समिती. एक घोरतोय, एक फोनवर ऊसतोडीचं बोलतोय, एकाने भजी खाऊन बोटं सोफ्यालाच पुसली. मागून आवाज आला, "आबा, सोफा धुतला का न्हाय?" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पदर लावला नाही.

मग एक कोवळी मुलगी गायला बसली. छान गात होती. दीर पडद्यावर आले, हात वर केला आणि तिच्यापुढचा माइक उचलला. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि तेच संचालक आत आले. नेहमीप्रमाणे उशिरा. दीर सवयीने उठले, सोबत आणलेली शाल घेऊन पडद्यापुढून दाराकडे धावले.

"थांबवा जरा! सत्कार हाय!"

त्यांची सावली पडद्यावरच्या त्या मुलीच्या तोंडावर पडली.

"खाली बसा!" थिएटर ओरडलं. "आता तरी गाऊ द्या की तिला!"

दीर शाल घेऊन तसेच उभे. संचालक मुकाट्याने मागच्या मागे निघून गेले.

बाहेर दिरांनी मला गाठलं. "वहिनी, त्यो कॅमेरा तिथं कुणी लावाय सांगितला?"

"मी."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "शनवारी इंदापुरात दाखवणार हायती. समदा गाव येणार. तेवढं कापाय सांगा पोरींना. तुमचं ऐकतील."

"आता वेळ न्हाय, भावजी," मी म्हटलं. "झाल्यासारखंच हाय."

शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. पुढे, सोफ्यावर बसणार आहे.