खाडीपलीकडचं दुकान

सांगलीहून निघताना आमच्या पेठेतल्या निम्म्या दुकानदारांनी मला सिंगापुरात काय काय बघायचं याच्या सूचना दिल्या होत्या. त्यातलं मी फारसं काही बघितलं नाही. मी एक घरगुती सामानाचं दुकान बघितलं, आणि तेही सिंगापुरातलं नाही, शेजारच्या देशातलं. चाळीस वर्षं साड्यांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस दुसरं काय बघणार, असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात.

बेडोक या भागात माझी पुतणी केतकी राहते. तिचं घर सरकारी इमारतीत बाराव्या मजल्यावर आहे. घर नीटनेटकं, पण बेतशीर. इस्त्रीचं टेबल कपाटाच्या दारातून बाहेर यायचं, खुर्च्या भिंतीला टांगलेल्या, आणि कपडे वाळत घालायचा स्टँड घडी केला की छत्रीएवढा व्हायचा. मी त्या स्टँडचं कौतुक केल्यावर केतकीची आठ वर्षांची इरा म्हणाली, "आजोबा, हा आईच्या दुकानातला ला! सगळं आईच्याच दुकानातलं." (वाक्याला 'ला' जोडायची इथल्यांची सवय तिलाही लागली होती.)

आईचं दुकान म्हणजे केतकी ज्या कंपनीत काम करते तिचं. घडीची स्टुलं, सपाट डबे, दारामागे लटकणारे कप्पे असं लहान घरांसाठीचं सामान ही कंपनी विकते. सिंगापुरात जवळपास प्रत्येक मोठ्या एमआरटी (शहरातली रेल्वे) स्टेशनपाशी तिचं एक दुकान आहे.

पहिल्याच सकाळी केतकीच्या नवऱ्याबरोबर, निखिलबरोबर, मी हॉकर सेंटरमध्ये (छताखाली मांडलेल्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांमध्ये) नाश्त्याला गेलो. निखिल इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. तो पुतू मायाम (तांदळाच्या शेवया, वर ओलं खोबरं आणि लालसर साखर) आणायला गेला. मला एक रिकामं टेबल दिसलं, त्यावर कागदी रुमालांचं एक पाकीट होतं. काय सोय आहे, असं म्हणत मी एक रुमाल काढून तोंड पुसलं. तेवढ्यात हातात ताट घेतलेल्या एक चिनी आजीबाई समोर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी त्यांच्या ताटातलाच घास उचलला होता.

निखिल धावत आला. "काका, पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली! इथे त्याला 'चोप' म्हणतात."

मी हात जोडले. आजीबाईंनी पाकीट उचललं, उरलेले रुमाल मोजले आणि मग हसल्या.

शेवया संपल्यावर निखिलने मनातली काळजी सांगितली. समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली की मलेशियातलं जोहोर बारू शहर लागतं. केतकीच्या कंपनीने दीड वर्षापूर्वी तिथे आपलं पहिलं परदेशी दुकान काढलं, आणि ते केतकीने उभं केलं. ते चालत नव्हतं. सोमवारी तिला साहेबांपुढे अहवाल ठेवायचा होता.

"माझं विद्यापीठातलं काम चार महिन्यांनी संपतंय," निखिल म्हणाला. "तिची नोकरी गेली तर आमचे इथे राहायचे पासही जातील. मग सगळं आवरून परत."

शनिवारी केतकी त्या दुकानावर शेवटची फेरी मारायला निघाली, तेव्हा मीही बरोबर निघालो. एमआरटीने उत्तरेच्या टोकाला, तिथून बस. सीमेवर सगळे उतरतात, शिक्के मारून घेतात आणि पुढे मिळेल त्या बसमध्ये चढतात. हे केतकीने मला दोनदा सांगितलं होतं. तरी मी भडंगाची पिशवी सीटवरच ठेवून उतरलो. शिक्का मारून बाहेर येतो तो बस गेलेली. सांगलीचं दीड किलो भडंग माझ्याआधी मलेशियात पोचलं, आणि कुणी खाल्लं देव जाणे.

पुढचा रस्ता समुद्रात भराव घालून केलेला. डाव्या-उजव्या बाजूला शांत पाणी, आणि मोटारसायकलींची न संपणारी रांग. "रोज हजारो माणसं तिकडून इकडे कामाला येतात," केतकी म्हणाली. "सुट्टीला आमची माणसं तिकडे स्वस्तात खरेदीला जातात. म्हणून तर साहेबांना वाटलं, शेजारचंच गाव, आपल्यासारखीच माणसं, काय अवघड आहे!"

दुकान शहराबाहेरच्या एका मॉलमध्ये होतं. आत शिरलो आणि मी चक्रावलो. तेच दिवे, तीच फळ्यांची उंची, बेडोक स्टेशनपाशी येता-जाता दिसलेल्या दुकानात डाव्या हाताला होती तीच घडीची स्टुलं इथेही डाव्या हाताला. केतकीला त्याचा अभिमान होता. "डोळे बांधून आणलं तर मलाही कळणार नाही मी कुठल्या देशात आहे!"

दुकानाच्या व्यवस्थापक रोझिताबाई पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, मोकळ्या हसणाऱ्या. केतकीने मला 'काका' म्हटलेलं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "ही तुम्हाला ताई का म्हणते?" मलय भाषेत 'काकाक' म्हणजे मोठी बहीण, आणि शेवटचा 'क' घशातच राहतो. पुढे दिवसभर दुकानातल्या मुली मला बघून तोंड लपवून हसत होत्या.

केतकी मागच्या खोलीत कागद तपासायला बसली. मी दारापाशी एक स्टूल उघडून बसलो. दुकानदाराने गिऱ्हाइकाचे हात बघावेत, तोंड नव्हे, असं माझे वडील सांगत.

एक कुटुंब आलं. आजी, नवरा-बायको, तीन मुलं. मुलांनी स्टूल उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आजीने दारामागचा कप्पा हातात घेतला, उलटा केला आणि जागेवर ठेवला. मी मुलांच्या आईला इंग्रजीत विचारलं, "आवडलं नाही का?"

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण सगळं इतकं छोटं! एवढ्याशा घरात कोण राहतं?"

मग एक सिंगापुरी जोडपं आलं. नवऱ्याने पाटी वाचली. "अरे, हे तर आपल्या घराखालीच आहे ला," असं म्हणून त्याने बायकोला वळवून बाहेर नेलं. तासाभरात हातात पिशवी घेऊन बाहेर पडलेलं गिऱ्हाईक मला एकच दिसलं.

दुपारी रोझिताबाईंनी जेवायला घरी बोलावलं. घर दहा मिनिटांवर होतं. केतकी घड्याळ बघू लागली. "परतीच्या बसला रांग लागते, काका."

"ती दर वेळी हेच सांगते," रोझिताबाई म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. आज तिच्या ताईंना भूक लागली आहे."

यावर केतकीला हसू आलं, आणि आम्ही गेलो.

बैठं घर. पुढे दोन गाड्या मावतील एवढा पोर्च, आणि त्यात वीस-बावीस जोडी चपला पसरलेल्या. आत मोठी बैठक. मागे उघड्यावर दुसरं स्वयंपाकघर, तळणं-परतणं तिथे. तिथल्या फळीवर आपल्याकडे लग्नघरात असतात तशी पातेली उपडी घातलेली. मी शाकाहारी म्हणून रोझिताबाईंनी टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) खरपूस तळल्या होत्या, चवळीच्या शेंगांची भाजी होती आणि कोळंबी न घालता केलेली लाल मिरचीची चटणी होती. मी भात तीनदा घेतला.

केतकी मात्र जेवता जेवता त्या पातेल्यांकडे बघत होती. "एवढी मोठी कशाला लागतात?"

"कंदुरी असते ना (शेजारपाजाऱ्यांना बोलावून घातलेलं जेवण). साठ माणसं सहज होतात. झाकणाचे मोठे डबे शोधत मी सगळं शहर फिरते." रोझिताबाई सहज बोलून गेल्या. "गिऱ्हाइकं मला हेच विचारतात. चपला ठेवायची मोठी मांडणी आहे का, मोठे डबे आहेत का. मी दर महिन्याला लिहिते की."

"कुठे लिहिता?"

"तुमच्या फॉर्ममध्ये. शेवटी 'इतर' असा रकाना आहे ना, तिथे."

केतकीच्या हातातला घास हातातच राहिला. मला नंतर समजलं की तिच्या टेबलावर फॉर्मचा गोषवारा यायचा, आणि गोषवाऱ्यात 'इतर' हा रकानाच नसायचा.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "काका, अहवाल मी गुरुवारीच लिहून ठेवलाय. व्यवस्थापक कमी पडली, तिला बदलावं, असं लिहिलंय. नाव घालून."

मला माझं जुनं दुखणं आठवलं, आणि मी ते तिला सांगितलं. तिशीत असताना मी हुबळीला दुकानाची शाखा काढली होती. सांगलीत खपतात त्याच साड्या, तीच मांडणी. बसवराज नावाचा तिथलाच माणूस नेमला. वर्षभर दुकान ओस पडलं आणि मी खापर बसवराजवर फोडलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "मालक, एकदा इथल्या एखाद्या लग्नाला यायचं होतं." मी एकाही लग्नाला गेलो नव्हतो. तिथल्या बायका कुठला काठ, कुठला पदर नेसतात हे मी माझ्या सांगलीच्या गादीवर बसून ठरवत होतो. नंतर सहा महिन्यांत दुकान बंद झालं. बसवराजला पुढे काम मिळालं की नाही, मी विचारायलाही गेलो नाही.

रविवारी केतकी दिवसभर अहवाल नव्याने लिहीत होती. दुकान कुठे चुकलं हे तिने लिहिलं, आणि चूक कुणाची हेही. निखिलने वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"थोडं सौम्य लिहिता येणार नाही का?"

"येईल. पण मग ते रोझिताच्या अंगावर जाईल."

तो उठून स्वयंपाकघरात गेला. दहा मिनिटांनी परत आला तो तिघांसाठी चहा घेऊन. "दुसऱ्या पानावर एक आकडा चुकलाय," म्हणाला, "तेवढा दुरुस्त कर."

सोमवारी मला घरात बसवेना. मी बुकित तिमाहच्या टेकडीवर गेलो. झाडी दाट, पायऱ्या उंच, माकडं निर्ढावलेली. पण माझं सगळं लक्ष खिशातल्या फोनकडे. वर पोचून घाम पुसत होतो तेव्हा तो वाजला.

"काका, साहेब खूप चिडले," केतकी म्हणाली. "पुढचं परदेशी दुकान मला देणार नाहीत. मला इथल्या गोदामाच्या कामावर टाकलंय."

"आणि नोकरी?"

"आहे. नोकरी आहे! आणि जोहोरच्या दुकानाला सहा महिने दिलेत. निम्म्या फळ्यांवर काय ठेवायचं ते रोझिता ठरवणार." मग तिचा आवाज जरा बारीक झाला. "तिला फोन केला तर ती रडायला लागली. मला वाटलं होतं हसेल."

मी टेकडीवरच्या दगडावर बराच वेळ बसून राहिलो. केतकीच्या हातून मोठं काम गेलं होतं, आणि तरी मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटत होता की माकडाने माझं केळं नेलं तेही कळलं नाही.

चार दिवसांनी मी परत आलो. ते दुकान सहा महिन्यांत तरेल की नाही, मला माहीत नाही. एक मात्र कळलं. दूरच्या देशात माणूस विचारत विचारत जातो, कारण आपल्याला काही ठाऊक नाही हे त्याला ठाऊक असतं. शेजाऱ्याकडे मात्र आपण न विचारता शिरतो. सारखाच भात, सारखाच पाऊस, सारखीच माणसं, असं म्हणत शिरतो.

सांगलीला पोचलो त्याच संध्याकाळी मुलगा कागद घेऊन आला. कोल्हापूरला शाखा काढायची त्याची योजना तयार होती. "बाबा, अभ्यास कसला करायचाय? तासा-दीड तासाचं अंतर. भाषा तीच, माणसं आपलीच."

मी म्हणालो, "आधी तिथे एक खोली घे आणि सहा महिने राहा."

तो मोठ्याने हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोनवर कुणाला तरी विचारत होता, रंकाळ्याजवळ एखादी खोली आहे का.