चौथा घाणा

एकदा जमलेली गोष्ट पुन्हा न जमणं, याच्याइतका डोक्याला ताप दुसरा नाही. मुळात जमलीच नसती तर माणूस गप सोडून तरी देतो. नवागामच्या हर्षदाची चौथी बॅच जमली होती आणि त्यानंतरच्या सत्तावीस बॅचेसनी तिच्या नाकी नऊ आणले होते.

हर्षदा सुरतेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होती. तिचे वडील भिकनआप्पा पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये मशीनवर, आई शोभाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणारी. शिंदखेड्याकडून सुरतेला येऊन तीस वर्षं झाली, तरी घरात बोलणं अहिराणीच. आणि अशा घरातली ही पोरगी फ्युएल सेलच्या मागे लागलेली. फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन वीज देणारी पेटी. ती नीट चालायला आत प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनम काही भाजीबाजारात मिळत नाही. हर्षदाला तेच काम लोखंड घातलेल्या कोळशाच्या पुडीकडून करून घ्यायचं होतं.

कोळसा कशाचा, तर मिलच्या चिंध्यांचा. सुरत पॉलिस्टरचं गाव असलं तरी मशीनचे रोलर पुसायला सुती चिंधीच लागते, पॉलिस्टर पाणी पीत नाही. ही फेकायची चिंधी आप्पांनी पिशवी भरून आणली. हर्षदानं ती कापली, लोखंडाच्या क्षारात आणि युरियात भिजवली, वाळवली आणि नायट्रोजन सोडलेल्या भट्टीत नऊशे अंशांवर भाजली. पहिल्या तीन बॅच भट्टीचं तापमान चुकल्यामुळे वाया गेल्या. चौथी मात्र अशी काही उतरली की तिची ग्राफवरची विजेच्या मोजणीची रेघ प्लॅटिनमच्या रेघेला जवळजवळ टेकली. तिचे गाइड नायकसर एरवी कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. पण त्यांनीसुद्धा तो ग्राफ लगेच पीएच.डी.च्या कमिटीला पाठवून दिला.

इथंच माशी शिंकली. पिशवीही संपली होती आणि नखभर पूडही चाचण्यांमध्ये उडाली होती. आप्पांनी नवी पिशवी आणली. पाचवी बॅच केली, रेघ खाली. सहावी, खाली. मग हिनं युरिया बदलला, सिलिंडर बदलला, भट्टीची नळी बदलली, स्वतःचा हात चुकतो म्हणून दुसऱ्या मुलीकडून वजनं करून घेतली. आठ महिने गेले. एकतिसाव्या बॅचनंतर नायकसर फायलीतून मान वर न काढता म्हणाले, शुक्रवारपर्यंत चौथी पुन्हा होत नसेल तर ग्राफ मागे घेऊ आणि विषय बदलू. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. लॅबमध्ये आधीच कुजबुज होती की हर्षदानं ती रेघ कॉम्प्युटरवर बसून काढली. ग्राफ मागे घेतला म्हणजे ती कुजबुज खरी ठरणार. विषय गेला तर दुसरा मिळेल हो, पण लबाड म्हणून लागलेलं नाव कुठल्या सोड्यानं धुणार?

तो सोमवार होता. हर्षदाला इतका संताप आला की ती भर दुपारी घरी निघून आली. एरवी ती सकाळी सातला जायची आणि दिवेलागणीला परतायची, त्यामुळे दुपारचं आपलं घर तिनं कित्येक महिन्यांत पाहिलंच नव्हतं. ओट्यासमोरच्या दोरीवर चिंध्या वाळत होत्या. पंचवीस-तीस असतील. सगळ्या एका मापाच्या अंतरावर, प्रत्येकीला चिमटा. खाली शोभाबाई बादलीत शेवटच्या दोन पिळत होत्या आणि बादलीतलं पाणी निळसर होतं.

चिंध्यांना नीळ! रोलर पुसायच्या चिंध्यांना!

हर्षदा तिथंच पायरीवर बसली. विचारत गेली तसतसं सगळं उलगडलं. पहिली पिशवी आली तेव्हा शोभाबाई भाच्याच्या लग्नाला गावी गेल्या होत्या, म्हणून ती जशी होती तशी कॉलेजात पोचली. दुसरी त्यांच्या हाती लागली. ऑइल, गंज, सतरा रंगांचे डाग. ते पाहून त्यांना कसंसंच झालं. तेव्हापासून दर पिशवी सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजायची, सकाळी घासली जायची, नीळ खायची आणि घडी होऊन पिशवीत जायची. आप्पा ड्यूटीवरून येऊन पिशवी ठेवून झोपत, त्यांना पत्ता नव्हता. आणि हर्षदा? आता सांगा, एवढी शिकलेली मुलगी, भट्टीच्या नळीपर्यंत शंका घेतली, पण चिंध्या अचानक स्वच्छ कशा यायला लागल्या हे एकदा विचारावं की नाही! तिला वाटलं, आप्पा आता निवडून आणतात. शिवाय लॅबमध्येही ती चिंधी साध्या पाण्यातून काढायचीच, मग फरक तो काय पडणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"मना आठ महिना गयात वं माय," ती म्हणाली.

शोभाबाईंनी ओले हात पदराला पुसले. सोड्यानं बोटांची टोकं उलली होती. त्यांना रागही आला होता आणि रडूही. त्या एवढंच म्हणाल्या, "घाण चिंध्या कॉलेजमा धाडाले लाज नही का? तुना सर काय म्हनतीन, हिना घरना लोके असा?"

आता हर्षदानं चिडायचं तरी कुणावर?

मंगळवारी आप्पांनी बरबटलेली पिशवी आणली. शोभाबाईंनी तिला हात लावला नाही. फक्त सकाळी निघताना हर्षदाच्या लक्षात आलं की ती मेली पिशवी धुतलेल्या, इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यात घातलेली आहे.

शुक्रवारी बत्तिसाव्या बॅचची मोजणी नायकसरांनी शेजारी उभं राहून पाहिली. रेघ वर चढली, चौथीच्या रेघेवर जाऊन बसली आणि तिथंच राहिली. सरांनी पुन्हा मोजायला लावली. पुन्हा तेच. मग त्यांनी विचारलं, काय बदललं? हर्षदानं सगळं सांगितलं, निळीसकट. सर म्हणाले, ग्राफ राहील, तुझं नावही राहील, पण आता त्या मळातलं नेमकं काय काम करतं ते शोध. गंज, रंग, ऑइल, की तिन्ही. म्हणजे आणखी वर्षभराचं दळण. हर्षदाला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

घरी आली तेव्हा शोभाबाई टिकल्यांची साडी मांडीवर घेऊन वाटच पाहत होत्या. घाणा उतरला का, असं त्यांनी विचारलं. हर्षदानं मान डोलावली. त्यांनी टिकल्यांची डबी बंद केली.

"सरले सांगं का, चिंध्या घाण व्हत्यात म्हनीसन?"

"हा, सांगं."

शोभाबाईंनी मांडीवरची साडी बाजूला ठेवली.

"आनि मी धुयेल व्हत्यात, ते?"

"तेबी सांगं, माय."

"मंग ठीक से," त्या म्हणाल्या आणि जेवायला वाढायला उठल्या.