शैलाने धुराडं तपासायला लावलं

"भित्री भागूबाई." जर्मनीत, इंगोलश्टाटच्या आमच्या मराठी मंडळात शैलाला सगळे असंच म्हणायचे, आणि या चिडवण्यात तिचा नवरा चारुदत्त सगळ्यांच्या पुढे. मला त्याचा तेव्हाही राग यायचा. हो, होती ती काळजीखोर. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत जायची. लेकीला, अन्वीला, साधी शिंक आली तरी मला फोन. "शुभाताई, ताप तर नसेल ना हो?" मी म्हणायची, अगं बाई, शिंक आहे, शिंकू दे की तिला! पण म्हणून चार लोकांत बायकोची टिंगल करायची? आमच्या मोहनने माझी अशी केली असती ना, तर दुसऱ्या दिवशी डबा स्वतःच केला असता त्याने.

ज्या उन्हाळ्यात सगळी जर्मनी फुटबॉलच्या वर्ल्ड कपने वेडी झाली होती, त्या उन्हाळ्यात या दोघांनी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एक जुनं घर घेतलं. घराच्या मधोमध टाइल्सने मढवलेली भली मोठी शेगडी, काखेलओफन. तिच्यात लाकडं नाहीतर कोळशाच्या विटा पेटवायच्या, की भिंती दिवसभर ऊबदार. शैलाला ती शेगडी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. "घरात एवढा जाळ कशाला?" म्हणायची. चारूला मात्र तिचं केवढं कौतुक! येईल त्या पाहुण्याला आधी शेगडी दाखवायचा, मग बायको.

मग झालं बोंबिलांचं प्रकरण. शैलाने एकदा सुके बोंबील तळले, आणि शेजारच्या फ्राऊ हुबर दारात येऊन अगदी अदबीने विचारायला लागल्या, तुमच्या ड्रेनेजचं काही बिघडलंय का, प्लंबरचा नंबर देऊ का? मी हसून हसून बेजार झाले. चारू मात्र लाजेने अर्धा झाला. कारच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर, हातात स्क्रूड्रायव्हर आला की स्वर्ग दोन बोटं उरायचा त्याला. एका शनिवारी त्याने बाहेरच्या भिंतीला भोक पाडलं आणि स्वयंपाकघरात दांडगा एक्झॉस्ट बसवला. तो चालू केला की खोलीतले पडदे हलायचे. त्याबरोबर नियमही आला. स्वयंपाक चालू असताना एक्झॉस्ट फुल आणि खिडक्या बंद. इथला जर्मन माणूस कडाक्याच्या थंडीतसुद्धा दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडतो, आणि आमचे लोक फोडणीचा वास शेजारी जाऊ नये म्हणून घराचा डबा करून आत बसतात. काय बोलायचं!

हिवाळ्याच्या तोंडाला चारूचे वडील आले. यशवंतराव, सगळ्यांचे अप्पा. एस.टी.च्या शेवगाव डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेला. बायको वर्षापूर्वी वारलेली, नगरला घरात एकटेच, म्हणून लेकाने हट्टाने बोलावून घेतलं. शेगडीच्या मागची खोली घरातली सगळ्यात ऊबदार, ती त्यांना दिली. आल्या आल्या अप्पांनी आम्हाला नुसतं हसवलं. कुठली गाडी कुठल्या घाटात बंद पडली, कुठल्या ड्रायव्हरने नवरदेवाला चुकीच्या गावात उतरवलं, सगळं नावानिशी.

आणि मग माणूस बघता बघता विझायला लागला. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. जेवण नको, पोटात मळमळ. चहा घेतलेला असला तरी विचारायचे, "आज चहा नाही का?" बोलता बोलता शब्द सापडायचा नाही, मग गप्प. चारू म्हणाला, आई गेली त्याचं दुःख आता बाहेर येतंय. डॉक्टर म्हणाले, वय झालं, हवामान बदललं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, ती मिळाली फेब्रुवारीतली.

एक दिवस शैला माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच रडायला लागली. अप्पांनी तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "शैला, माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती आम्हाला ओळखेना. माझं डोकं चाललंय, मला कळतंय. मला नगरला पाठवून दे. चारूला कारण सांगू नकोस." एवढा खमक्या माणूस, आणि मनात हे घेऊन एकटाच झुरत होता.

"पण शुभाताई," डोळे पुसत ती म्हणाली, "रविवारी ते तुमच्याकडे आले होते तेव्हा कसे होते?"

मी आठवून बघितलं. रविवारी अप्पांनी माझी आमटी दोनदा मागून घेतली होती आणि पत्त्यांत मोहनला सरळ सरळ लुटलं होतं.

"नदीवर फिरायला नेलं तरी तासाभरात माणसात येतात. घरी आणलं की परत डोकं दुखतं. हल्ली माझंही दुखतं. त्या घरातच काहीतरी आहे हो."

मी म्हटलं, "वास्तुशांत राहिलीय का तुमची?"

"देवाचं नाही म्हणत मी! शेगडीचं म्हणतेय. एक्झॉस्ट चालू असला की शेगडीच्या दारातून धूर उलटा खोलीत येतो. मी बघितलंय."

चारूलाही तिने सांगितलं होतं. त्याचं उत्तर तयार. "गेनाऊ, अगदी बरोबर! धुराडं तुंबलंय. गुरुवारी शोर्नश्टाइनफेगर येणारच आहे. तो ब्रश फिरवेल, की प्रश्न मिटला." शोर्नश्टाइनफेगर म्हणजे इथला धुराडेवाला. प्रत्येक भागाला सरकारने एक नेमून दिलेला असतो, आणि तो येणार म्हटलं की दार उघडावंच लागतं.

"नुसतं साफ नको रे," शैला म्हणाली. "सगळं तपासून घेऊया."

"तपासणी पुढच्या वर्षी आहे. आधीच्या मालकाने करून घेतली होती, सगळं ठीक आहे. उगाच त्याला घरभर फिरवू नकोस."

खरी गोम मला गुरुवारी सकाळी कळली. चारूने ऑफिसातून मला फोन केला. "शुभाताई, तुमचं जर्मन चांगलं आहे, जरा तिच्याबरोबर थांबता का? आणि लक्ष ठेवा हं. फक्त साफसफाई. एक्झॉस्टचा विषय काढू देऊ नका. शेगडीच्या घरात असला पंखा लावायचा तर आधी धुराडेवाल्याला विचारावं लागतं म्हणे. मी विचारलेलं नाही. त्याला कळलं तर तो शेगडीच बंद करेल, आणि या थंडीत अप्पांचे हाल." म्हणजे सगळं बापाच्या काळजीपोटी! कपाळावर हात मारून घेतला मी. पण नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा, म्हणून "बघते" एवढंच म्हटलं आणि गेले.

शैला पोळ्या लाटत होती. एक्झॉस्ट घोंघावत होता, खिडक्या बंद. अन्वी शाळेत गेलेली, अप्पा अजून झोपलेलेच होते. "रात्रभर डोळा लागला नाही म्हणाले, मग मीही उठवलं नाही," ती म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात धुराडेवाले हेर ब्रूनर. काळे कपडे, काळी टोपी, खांद्यावर ब्रशची गुंडाळी. आत येऊन त्यांनी शेगडीला हात लावला मात्र, त्यांचं तोंड कडू झालं. शेगडी गरम होती! साफसफाईच्या दिवशी ती थंड ठेवायची असते, तसं दारावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं. शैलाने रात्री विझवलीही होती. पण पहाटे अप्पांना थंडी वाजली, सुनेला कशाला उठवा म्हणून त्यांनी स्वतःच कोळशाच्या दोन विटा आत सारल्या होत्या.

"गरम शेगडीत मी ब्रश घालणार नाही," ब्रूनर म्हणाले. "आता नवीन तारीख. ख्रिसमसनंतर." आणि ते वळले.

मी मनात म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. कुणाचंच काही बिघडलं नाही. शैलाकडे बघते तर ती पांढरीफटक पडलेली, पिठाचे हात तसेच, आणि ओठ हलतायत. वर्गात उत्तर द्यायच्या आधी मुलं मनात घोकतात ना, तशी ती जर्मन वाक्य जुळवत होती.

"थांबा," ती म्हणाली. "साफ करू नका. तपासा."

ब्रूनर म्हणाले, "तुमची तपासणी पुढच्या वर्षी."

"आज. माझे सासरे आजारी आहेत. घरात आजारी, बाहेर बरे."

ते थबकले. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघून विचारलं, "शेवटच्या तपासणीनंतर घरात काही बदल केलाय का?"

बाई गं! तिने एकदा माझ्याकडे बघितलं. चारूने मला फोन केलाय हे तिला नक्की कळलं होतं. नाही म्हणाली असती तर ते गेले असते, आणि संध्याकाळी घरात शब्द वाढला नसता. आयुष्यभर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली पोर ती.

"हो," शैला म्हणाली. "माझ्या नवऱ्याने पंखा लावलाय. न विचारता. आत्ताही चालू आहे."

ब्रूनरांनी पिशवी तिथेच टाकली. खिशातून एक छोटं यंत्र काढलं आणि बैठकीच्या खोलीत गेले. ते यंत्र किंचाळायला लागलं. असं किंचाळलं की माझ्या अंगावर काटा आला. ब्रूनर ओरडले, पंखा बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर व्हा! मग मला कळेल असं एकच वाक्य बोलले: पंखा घरातली हवा ओढतोय, आणि धुराड्यातून जायचा विषारी वायू मागे खोलीत येतोय. "घरात आणखी कोण आहे?"

"अप्पा!" शैला किंचाळली आणि शेगडीमागच्या खोलीकडे धावली. तिच्या पाठोपाठ ब्रूनर. मी खिडक्या उघडत होते. आतून तिच्या हाका ऐकू येत होत्या. "अहो अप्पा, उठा ना! अप्पा!" उत्तर नाही. त्या आडदांड माणसाने अप्पांना रजईसकट उचललं आणि बाहेर आणून फ्राऊ हुबरच्या अंगणातल्या बाकावर निजवलं. शैला त्यांचे तळवे चोळत होती, त्यांच्या गालाला तिच्या हातांचं पीठ लागलं होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी जेवढे देव आठवले तेवढ्यांना हात जोडले. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ऑक्सिजनचा मास्क लावला, आणि बऱ्याच वेळाने अप्पांची बोटं शैलाच्या मुठीत हलली.

चारू हॉस्पिटलमध्ये धावत आला तेव्हा डॉक्टर सांगून गेले होते. धोका टळला. हे बरेच दिवस थोडं थोडं चाललं होतं, आज जास्त झालं. दुपारपर्यंत तसेच झोपून राहिले असते तर हाती लागले नसते.

चारूने सगळं ऐकलं. माझी जीभ अशी वळवळत होती म्हणून सांगू! पण त्याने शैलाला विचारलं, "एक्झॉस्टचं तू सांगितलंस त्यांना?"

"हो."

तो भिंतीला टेकून खाली बसला. एवढा घोड्यासारखा माणूस, हमसाहमशी रडायला लागला. "मी घरी असतो ना शैला, तर मी सांगितलं नसतं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं."

शैला त्याला काही लागेलसं बोलली नाही. तिने त्याच्या दंडाला धरून उठवलं. "आत जा. अप्पांना तुझ्या तोंडाने सांग. ते वेगळ्याच भीतीत आहेत."

आम्ही दारात उभ्या राहिलो. चारूने वडिलांचा हात धरून सगळं सांगितलं, पंखा, लपवाछपवी, सगळं. माफी मागताना त्याचा आवाज फुटत होता. अप्पा मास्क बाजूला करून त्याच्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं आता बाप पेटणार, आणि पेटायलाच हवा होता.

"म्हणजे," अप्पा हळूच म्हणाले, "माझं डोकं ठीक आहे?"

"हो अप्पा."

"नक्की?"

"नक्की."

अप्पांनी डोळे मिटले आणि ते पोरासारखे रडायला लागले.